बिराजदार एस. आणि पाटील व्ही.

औसा, १२ जून २०२४
(रजिस्टर पोस्टाने)

श्री. हणमंतराव पाटील करखेलीकर यांस,
शेषेराव बिराजदार याचा नमस्कार.

बऱ्याच वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्हाला आनंद होईल, असा माझा मुळीच गैरसमज नाही. फोन तुम्ही उचलत नाही. उद्धवरावांकडे निरोप दिला तर ते 'सांगतो' म्हणतात आणि सांगत नाहीत. बाप आणि सासरा यांच्या कात्रीत सापडलेला माणूस दुसरं काय करणार? म्हणून रजिस्टर पोस्ट. तुमच्या सहीची पोच माझ्याकडे येईल, तेव्हा पत्र मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहणार नाही.

विषय माझ्या मुलीचा, म्हणजे तुमच्या सुनेचा आहे. तुम्ही तिला विनीता म्हणता, मी सिंधु म्हणतो. ती लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि संशोधन करते, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. विद्यापीठात प्राध्यापकाची एक जागा निघाली. तिने अर्ज केला. मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी लागली, त्यात तिचं नाव नाही. कारण दिलंय, 'संशोधनकार्य अपुरे'. हे दोन शब्द वाचून माझं डोकं फिरलं आणि मी सकाळच्या एसटीने नांदेड गाठलं.

तिथे विद्यापीठाच्या खिडकीत एक पोरगेलासा कारकून होता. त्याने संगणकात 'पाटील व्ही.' असं टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा काका, म्याडमचे एवढेच निबंध हायत."

मी म्हणालो, "आता बिराजदार एस. टाइप करा."

त्याने केलं. पडदा भरून गेला. "काका, ही बाई लई मोठी हाय. पण ही येगळी."

"वेगळी नाही. ती माझी मुलगी आहे."

"मग पाटील म्याडम कोन?"

"तीही माझी मुलगीच."

"तुमाला दोन पोरी हायत का?"

"एकच आहे हो." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा तरी काय दोष?

हणमंतराव, तुम्ही रेल्वेच्या कचेरीत हिशेबाची नोकरी केलीत, तेव्हा हे तुम्हाला समजेल. शास्त्रज्ञाची किंमत हल्ली अशी ठरते, की जगातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या लिखाणात त्याच्या कामाचा हवाला किती वेळा दिला. संगणक ती मोजदाद ठेवतो. लग्नाआधी माझ्या मुलीने गोदावरीतल्या माशांवर काम केलं. मिरचीच्या रानांतलं पाणी जिथे नदीला मिळतं, तिथल्या नर माशांच्या पोटात तिला अंडी सापडली. तो निबंध आजही देशोदेशी वाचला जातो, पण त्यावर नाव आहे बिराजदार एस. लग्नानंतर तिने धर्माबादच्या मिरचीच्या गोदामांत देठ खुडणाऱ्या बायांच्या पाळीचा, गर्भपातांचा अभ्यास केला. त्यावर नाव पाटील व्ही. आणि पाटील व्ही. म्हणजे महाराष्ट्रात गावोगाव. एका परदेशी प्राध्यापकाने तर छापून टाकलंय, की बिराजदार यांचं मोलाचं काम दुर्दैवाने पुढे चालू राहिलं नाही. माझी पोर जिवंतपणी अशी संपवली गेली.

कारकून म्हणाला, म्याडमने एक अर्ज दिला की दोन्ही नावं जोडली जातील, फेरविचारासाठी महिना आहे. मी थेट लातूरला तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "राहू द्या अण्णा." कारण विचारलं तर चहा टाकायला उठली. माझी मुलगी विनाकारण मागे हटणाऱ्यांतली नाही. तिला कोणाची तरी भीती आहे आणि ती कोणाची, हे सांगायला मला ज्योतिषी नको.

तेव्हा मागणी एवढीच आहे. तुम्ही तुमच्या तोंडाने तिला सांगा, की माहेरचं नाव कामाला जोडायला सासरची हरकत नाही. सासऱ्याचं एक वाक्य. त्याला तिकीटही लागत नाही.

आपला,
शेषेराव बिराजदार

औसा, ३ जुलै २०२४

हणमंतराव यांस नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. 'आम्ही कोणास अडविले नाही. सुनेस विचारावे.' दोन ओळी, खाली सही. तुम्ही शाई फार जपून वापरता.

अडवलं नाही म्हणता. मग आठवण करून देतो. कार्यालयात तबकात तांदूळ पसरले होते, उद्धवरावांनी अंगठीने त्यात विनीता लिहिलं आणि तुमच्या बहिणींनी पेढे वाटले. माझी मुलगी तेव्हा डॉक्टरेट घेतलेली बाई होती. तिचे निबंध छापून आले होते. तिला कोणी विचारलं नाही, मला तर नाहीच. पुढे दिवाळीला मी करंज्यांचा डबा घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो आणि सवयीने सिंधु अशी हाक मारली. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "हितं कोनी सिंधु ऱ्हात न्हाई." डबा मी पायरीवर ठेवला आणि माघारी फिरलो. नातवाच्या बारशालाही मी तुमची पायरी चढलो नाही. सिंधूची आई उमाबाई मला म्हणते, एका नावासाठी इतका ताठा कशाला. आता कळलं असेल तिला कशाला ते.

तुम्ही सांगणार नाही आणि ती करणार नाही, म्हणून मी केलं. विद्यापीठाला माझ्याच सहीने अर्ज धाडला. सिंधु शेषेराव बिराजदार आणि विनीता उद्धव पाटील या एकच व्यक्ती आहेत, मी त्यांचा जन्मदाता आहे. सोबत पदवीची नक्कल, लग्नाचा फोटो आणि दोन्ही नावांच्या निबंधांची यादी जोडली. नोकरीभर मी मुख्याध्यापक होतो. खाली प्रती लावल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. कुलगुरूंना प्रत, शिक्षण खात्याला प्रत, लातूरच्या एका दैनिकाला प्रत.

आणखी एक प्रत मुद्दाम धाडली. मिरचीवर फवारायच्या एका औषधाची चौकशी करायला राज्याने समिती नेमली आहे. तिचा अहवाल मला सिंधूच्या टेबलावर दिसला होता. त्यात बिराजदार एस. हे नाव आहे आणि पुढच्याच पानावर पाटील व्ही. हेही आहे. दोन्ही ठिकाणी गौरवाने उल्लेख. म्हटलं, या मोठ्या लोकांनाही कळू द्या की ज्यांना ते दोन विद्वान समजतात ती एकच आहे, आणि ती औशाच्या शाळेत शिकली आहे.

सिंधूला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. कळेलच.

शेषेराव

औसा, २८ जुलै २०२४

हणमंतराव यांस,

कळलं तिला. काल ती आली होती. एकटीच, कॉलेजातून परस्पर. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "अण्णा, समितीला प्रत तुम्ही पाठवली?"

मी हो म्हणालो. अभिमानानेच म्हणालो. ती पडवीतल्या बाजेवर बसली. तिच्या आईने पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. मग जे सांगितलं ते तुम्हाला लिहितो, कारण हे तुमच्याही घरचं आहे.

समितीपुढे औषधाच्या कंपनीचे तज्ज्ञ येऊन बसायचे. माशांचा निबंध निघाला की म्हणायचे, मासा म्हणजे माणूस नव्हे. बायांचा निबंध निघाला की म्हणायचे, या गरीब बाया, अंगात रक्त नाही, दिवसभर मिरचीच्या ठसक्यात, खाट्यात बसतात, गर्भ पडायला औषधच कशाला हवं. शेवटी अध्यक्षांनी लिहिलं, की दोन स्वतंत्र संशोधक, एकमेकींशी कसलाही संबंध नसताना, दोन वेगळ्या वाटांनी एकाच औषधापाशी पोचल्या आहेत, सबब शंकेला जागा नाही. औषध बंद करावं. फाइल वर गेली. सही तेवढी व्हायची होती.

"अण्णा, मी एक असले तर ते माझं मत आहे," ती म्हणाली. "दोन असले तर पुरावा."

मी म्हणालो, "म्हणजे तू त्यांना फसवत होतीस?"

"मला कोणी विचारलंच नाही, तुम्ही दोघी का एक. माझ्या निबंधात मी माशांच्या कामाचा हवाला दिला, तिथे बिराजदार यांना असं आढळलं असंच लिहायला लागतं. सगळेच तसं लिहितात. त्यांनी धरलं, ती दुसरी कोणी असेल. अहवाल हातात आला तेव्हा मला कळलं. सही झाली की त्याच दिवशी कळवायचं, असं ठरवलं होतं मी."

"पण खोटं ते खोटंच ना?"

"मासे खोटे होते का बाया खोट्या होत्या?" तिचा आवाज चढला तो तेवढाच. शाळेत असतो तर 'खाली बस' म्हणालो असतो.

मग मी तुमच्यावर घसरलो, नेहमीप्रमाणे. म्हणालो, नाव बदललंच नसतं तर हे झालंच नसतं. त्यावर ती जे बोलली ते मला आवडलं नाही, पण लिहितो. तुमच्या गावात आणि धर्माबादेत ती प्रथम गेली तेव्हा सासू म्हणून तुमच्या पार्वतम्मा सोबत होत्या. घराघरांत त्यांनी एकच सांगितलं, ही विनीता, आमची सून. बाया दार लावून बोलायला बसल्या. एक म्हणाली होती, "पाटलाची सून हायस तू, म्हनून सांगून राहिले. दवाखान्यात बी न्हाई सांगितलं हे." कितीदा पोट पडलं, कोणाचं शेतातच पडलं, नवऱ्याला काय सांगितलं, सगळं. सिंधु म्हणाली, "अण्णा, सिंधु बिराजदार म्हणून गेले असते तर चहा पाजून वाटेला लावलं असतं मला."

म्हणजे तुम्ही दिलेल्या नावाचा उपयोग झाला. हे मी लिहून दिलं आहे, पत्र जपून ठेवा, असं वारंवार होणार नाही. पण तुम्ही ते नाव उपयोगासाठी दिलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

ती जेवली नाही. शेवटच्या गाडीने गेली. उमाबाई माझ्याशी बोलत नाही.

शेषेराव

औसा, १९ ऑगस्ट २०२४

हणमंतराव,

नमस्कार वगैरे राहू द्या, मी आज संतापलो आहे.

दैनिकात बातमी आली. मथळा असा: 'एकच प्राध्यापिका, दोन नावे, शासनाच्या समितीची दिशाभूल?' शेवटचं प्रश्नचिन्ह म्हणजे त्यांची दया. प्रत मीच दिली होती, त्यांनी तिचं असं केलं. मी संपादकाला फोन केला तर म्हणतो, काका, आम्ही फक्त प्रश्न विचारलाय. शाळेत असले प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं.

समितीने फाइल परत मागवली आहे. कंपनीच्या वकिलाने लेखी तक्रार केली, की या बाईने वेगळ्या नावाने लिहून स्वतःचाच हवाला स्वतः दिला, आपलंच काम परक्याचं म्हणून दाखवलं, सबब दोन्ही निबंध बाद करावेत. विद्यापीठाची गंमत तर विचारूच नका. माझ्या अर्जावरून त्यांनी दोन्ही नावं जोडली, आणि जोडल्यावर सगळ्या अर्जदारांत हिचा हवाल्यांचा आकडा सर्वांत वर गेला. पण आता तक्रार आहे म्हणून मुलाखत थांबवली. आधी काम अपुरं होतं, आता जास्त झालं. बाईने करावं तरी काय?

माझा खरा संताप दुसराच आहे. दोन नावांची बाई म्हणून तिला लबाड ठरवताहेत. अहो, दुसरं नाव तिने बाजारातून आणलं होतं का? वाजंत्री लावून, पंगत बसवून, पाचशे माणसांसमोर आपण ते तिच्यावर घातलं. या समितीतल्या साहेबांच्या घरी जाऊन बघा, त्यांच्या आया, बायका, सुना, सगळ्या दोन नावांच्या. त्या स्वयंपाकघरात असेपर्यंत ती रीत असते. एकीने निबंध लिहिला की लगेच ती लबाडी होते. पुरुषाला जन्मभर एक नाव पुरतं, म्हणून पुरुष प्रामाणिक. वा.

आता कामाचं. सात सप्टेंबरच्या नंतरच्या आठवड्यात नांदेडला विश्रामगृहात समितीची सुनावणी आहे. सिंधूला बोलावलं आहे. नाव कोणी, कधी आणि कसं बदललं, हे सांगणारा सासरचा माणूस तिथे उभा राहायला हवा. उद्धवराव तयार आहेत, पण समिती म्हणेल नवराच तो, बायकोची बाजू घेणार. माझं तर त्यांना ऐकायचंच नाही, सगळा घोळ माझ्या अर्जाने झाला असं त्यांचं मत आहे आणि सिंधूचंही. उरलात तुम्ही. नाव ठरवलं तुम्ही. पत्रिका बघून अक्षर काढलं तुम्ही.

मी कोणाकडे हात पसरणारा माणूस नाही, आणि तुमच्याकडे तर नाहीच. पण या वेळी विनंती करतो. तिथे या. चारचौघांत सांगा, की हे मी केलं. तुमचा मान कमी होईल असं वाटत असेल तर माझा जितका उरला आहे तितका घेऊन जा.

शेषेराव

औसा, १० नोव्हेंबर २०२४

श्री. हणमंतराव यांस सप्रेम नमस्कार.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसलात. मी चिंचेखाली उभा होतो, तुम्हाला दिसलो होतो, हे मला माहीत आहे. आत काय झालं ते मला सिंधूने सांगितलं. तुम्ही स्वतः होतात, तरी लिहितो. आपण काय बोललो ते माणसाला नंतर नीट आठवत नाही, आणि हे तुमच्या आठवणीत राहावं अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत आणि म्हणालात, "नाव आमी बदललं. पोरीला कोनी इचारलं न्हाई. माज्या आईचं बदललं, बायकोचं बदललं, सुनेचं बी बदललं. ह्याच्यात लबाडी असंल तर ती आमची हाय, तिची न्हाई. लिहून घ्या."

वकील म्हणाला, नावाचं जाऊ द्या, पण साक्ष तर एकाच बाईने दोनदा दिली ना. तेव्हा सिंधु बोलली, "साक्ष मी दिलेली नाही. माशांनी दिली आणि बायांनी दिली. मी लिहून घेतली." अध्यक्ष थोडे हसले म्हणे. हसून झाल्यावर त्यांनी निकाल राखून ठेवला.

निकाल आता आला. तिच्यावर कसलाही ठपका नाही. दोन्ही निबंध उत्तम, असा शेरा आहे. मात्र हा एकाच संशोधकाचा पुरावा असल्यामुळे, दुसऱ्या स्वतंत्र संशोधकाने बायांचं सर्वेक्षण नव्याने करेपर्यंत औषध बंद करता येणार नाही. म्हणजे या हंगामाची मिरची तर त्या औषधात गेलीच, पुढचीही त्याच औषधाची. ज्या बाया या मोसमात देठ खुडायला बसतील त्यांतल्या कोणाचं पोट पडलं तर ते कोणत्या नावावर लिहायचं, हे काही निकालात नाही.

तक्रार निकालात निघाल्यामुळे विद्यापीठाने लगेच मुलाखत घेतली आणि जागा तिला दिली. बिराजदार एस. आणि पाटील व्ही. संगणकावर आता एकाच ओळीत आहेत. ती ओळ बघायला मी पुन्हा त्या खिडकीवर गेलो. कारकून म्हणाला, "काका, आता एकच पोरगी झाली बघा तुमची." मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मी पेढे घेऊन तिच्या घरी गेलो. तिने एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "अण्णा, मला एक व्हायचं नव्हतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तुम्हाला सांगतो, हणमंतराव, मला त्या समितीची चीड येते ती येतेच. एका बाईचं म्हणणं म्हणजे मत, आणि तेच दुसरीने म्हटलं की पुरावा. माझ्या वर्गात एका मुलाने गणित बरोबर सोडवलं तर ते बरोबरच असायचं. दुसऱ्याने सोडवेपर्यंत मी वाट पाहत बसलो नाही. सिंधूला हे बोललो तर म्हणाली, "नाही अण्णा, त्यांचं बरोबर आहे. शास्त्रात दुसरा माणूस लागतो. राग येतो तो उशिराचा येतो." तिची बाजू घेऊन भांडावं तर तीच पलीकडे जाऊन उभी राहते.

तुम्ही आलात याबद्दल आभार मानत नाही. जे करायलाच हवं होतं ते केलंत. पण टोपी काढलीत, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आपला,
शेषेराव

औसा, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय व्याहीबुवा,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे उद्धवरावांकडून कळलं. तुम्ही नांदेडला पलंगावर आहात आणि पार्वतम्मा मात्र गावी मुक्काम ठोकून आहेत, याबद्दल तुमची कुरकुर चालू आहे म्हणे. ती थांबवावी म्हणून हे पत्र. तिथे काय चाललंय ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

सिंधु तीन आठवडे औशाला फिरकली नाही. फोनवर विचारलं तर 'कामात आहे' एवढंच. मग मी आणि उमाबाई निघालो. नांदेडपर्यंत एसटी, पुढे आगगाडीने धर्माबाद. स्टेशनात उतरल्याबरोबर मिरचीच्या खाट्याने डोळ्यांतून पाणी आलं. उमाबाई ठसकत म्हणाली, "ह्या बाया दिसभर कशा बसत्यात माय हितं." तिथून तुमच्या गावी गेलो. तुमच्या ओट्यावर माझी मुलगी, विद्यापीठाची प्राध्यापिका, शेंगा सोलत बसली होती. एकटीच.

झालं आहे ते असं. समितीने दुसरी संशोधक नेमली, तनुजा नावाची. दूरच्या विद्यापीठातली आहे, सिंधूची ना ओळख ना पाळख. मुलगी हुशार आहे, पण तिला इथे कोणी उभं करेना. बाया म्हणायच्या, आमाला काय बी तरास न्हाई बाई. आठवडाभर तिच्या कागदावर हेच. सगळ्या बाया ठणठणीत. हे असंच छापलं गेलं असतं तर कंपनीने ढोल वाजवले असते. तनुजाने समितीला कळवलं, की ओळखीचं माणूस असल्याशिवाय इथे कोणी बोलणार नाही. समितीने परवानगी दिली, फक्त पहिल्या संशोधिकेने कोणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही आणि तनुजाशी कामाचं बोलायचं नाही. तेव्हा तुमच्या पार्वतम्मा उठल्या. त्या तिला घराघरांत घेऊन जातात, दाराशी सोडतात आणि म्हणतात, "ही पोरगी माजी न्हाई. पन इला सांगा." मग त्या अंगणात थांबतात. सिंधु सुटी काढून तुमचं घर सांभाळते, एकाही दारात जात नाही.

आमच्यासमोरच एक बाई ओट्याशी आली. तिला मी ओळखत नाही, पण सिंधूला ती चांगली ओळखत होती. म्हणाली, "इनिता, तू का गं येत न्हाईस आत? त्या नव्या बाईपुढं लाज वाटाय लागली."

सिंधु म्हणाली, "मी आत आले तर तुमचं बोलणं खोटं धरतील, मावशी."

बाईला ते पटलं नाही. "खरं असून बी?"

"खरं असून बी."

त्या बाईने पदर खोचला आणि ती तशीच तनुजा बसली होती त्या घरात गेली. दार आतून लागलं.

मी सिंधूला विचारलं, या निबंधावर तुझं नाव कुठे येणार? ती म्हणाली, येणार नाही. म्हटलं, निदान आभारांत? म्हणाली, "आभारांतही नको, अण्णा. माझं नको, सासूबाईंचंही नको. एवढं जरी दिसलं तरी पुन्हा म्हणतील, सगळं एकाच घरातलं आहे." जुन्या कामाचा हवाला म्हणून शेवटच्या यादीत एक ओळ येईल, तेवढीच. पंधरा वर्षं नदीत उभी राहिली, बायांच्या चुलीपुढे बसली, आणि ज्या निबंधाने औषध बंद होणार त्यात ती नाही. मी चिडलो. तुमच्याच ओट्यावर, तुमच्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने बोललो. हे धडधडीत अन्यायाचं आहे, असं म्हणालो आणि आजही म्हणतो. तिने शेंगा भरलेलं सूप माझ्यापुढे सोलायला सरकवलं.

संध्याकाळी तनुजा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. सिंधूने तिला काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या दिला आणि आत निघून गेली. काय कळलं हे विचारायचाही तिला हक्क नाही, म्हणे.

तेव्हा पार्वतम्मांना अजून महिनाभर तरी बोलावू नका. काठी घेऊन चहा तुमचा तुम्ही करा. उमाबाई आणि मी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतो, तोवर साखर संपवू नका.

निबंध छापून यायला वर्ष-दीड वर्ष लागेल असं सिंधु म्हणते. आला की मी तो पहिल्या ओळीपासून वाचणार आहे, जिथे तिथे तिला शोधत, जशी माझी खोड आहे. लिहिणाऱ्यांत ती नाही, आभारांत ती नाही, हे डोळ्यांनी पाहीन तेव्हा समजेन की पोरीने काम चोख केलं. राग यायचा तो येईलच.

तुमचा,
शेषेराव